गोळ्या थांबल्या की हिमोग्लोबिन पुन्हा खाली: नेमकं अडतंय कुठे?

८.६, ११.८, ९.१, १२.१, ९.४. हे माझ्या हिमोग्लोबिनचे साडेतीन वर्षांतले पाच आकडे. आकडा पडला की लोहाच्या गोळ्या व्हायच्या, तो चढायचा, 'आता बरं आहे' म्हणून गोळ्या थांबायच्या आणि आठ-दहा महिन्यांत जिना चढताना पुन्हा धाप लागायची. दर वेळी डॉक्टर वेगळे, कागद वेगळा, चिठ्ठीवरचं औषध मात्र तेच. पाचही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून कोणी बघितले नव्हते. मीही नाही.

बघितले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. गोळ्या लागू पडत होत्या, म्हणजे लोह अंगात शिरत होतं. आणि आकडा पडण्याचा वेग दर वेळी जवळजवळ सारखा होता, म्हणजे कुठेतरी एकाच गतीने गळत होतं. 'पाळीत जास्त जातं का?' या प्रश्नाला मी दर वेळी 'नाही, नेहमीसारखंच' असं उत्तर दिलं होतं. ते खोटं नव्हतं. नेहमीच जास्त जात होतं, एवढंच.

तेव्हा तुमचंही असं वारंवार होत असेल तर नवी गोळी मागण्याआधी जुने रिपोर्ट काढा. एका कागदावर तारीख, हिमोग्लोबिन, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार), असेल तर फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) आणि गोळ्या कधी सुरू झाल्या, कधी बंद झाल्या ते लिहा. आकडा चढलाच नाही, चढून उतरला की अर्ध्यावर अडकला, यावरून शोध कुठून सुरू करायचा ते ठरतं.

आधी हे बघा: मुळात लोहच कमी आहे का?

हिमोग्लोबिन कमी असणं हे लक्षण आहे. प्रौढ पुरुषात १३, स्त्रीत १२ आणि गरोदरपणात साधारण ११ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, पण तो लोहामुळेच झाला असं हा आकडा सांगत नाही. लोहाची कमतरता असेल तर तांबड्या पेशी लहान होतात (एमसीव्ही ८० च्या खाली), फिकट होतात आणि त्यांच्या आकारात एकसारखेपणा राहत नाही, म्हणून आरडीडब्ल्यू वाढतो. शिक्कामोर्तब करतं ते फेरिटिन, म्हणजे साठ्याचा आकडा. १५ च्या खाली असेल तर साठा संपलाय याबद्दल शंकाच नको; ३० च्या खाली असलं तरी बहुतेक डॉक्टर कमतरता धरूनच चालतात.

फेरिटिनची एक खोड आहे. अंगात कुठेही दाह किंवा संसर्ग असेल तर ते वाढतं. सांधेदुखीचा जुना आजार, मूत्रपिंडाचा विकार, हृदयाचं अशक्तपण, किंवा नुसता ताप येऊन गेलेला असेल तरी ६०-८० दिसणारं फेरिटिन खोटा दिलासा देऊ शकतं. अशा वेळी सोबत सीआरपी (दाह दाखवणारी चाचणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) बघतात. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर फेरिटिन शंभरच्या आसपास असूनही लोह कमी असू शकतं. नुसतं 'सीरम आयर्न' (त्या वेळी रक्तात फिरणारं लोह) करून घेण्यात मात्र फारसा अर्थ नाही. सकाळी गोळी घेऊन गेलात तर दुपारी तो आकडा छान येतो.

पेशी लहान, गोळ्यांचा उपयोग शून्य आणि फेरिटिन व्यवस्थित, असं असेल तर थॅलसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिन तयार होण्यातला सौम्य आनुवंशिक दोष; तो असलेल्यांना वाहक म्हणतात) विचार व्हायला हवा. याचा अंदाज घरीच घेता येतो. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागा. एमसीव्ही ६६ आणि पेशी ५.८ असतील तर उत्तर ११ च्या जवळ येतं. १३ च्या खालचं उत्तर थॅलसेमियाकडे बोट दाखवतं. एमसीव्ही ७० आणि पेशी ४.१ असतील तर उत्तर १७ येतं, ते लोहाकडे. हा फक्त अंदाज आहे, निदान होतं हिमोग्लोबिनच्या इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीने. लोह कमी असताना ती चाचणी केली तर एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा वाहकांत वाढणारा प्रकार) याचा आकडा थोडा खाली येऊन वाहकपणा झाकला जाऊ शकतो, म्हणून शक्य असेल तर आधी लोह भरून मग चाचणी करतात. वर्षानुवर्षं उगाच लोह खाणाऱ्यांत या मंडळींचा भरणा मोठा असतो.

पहिला नमुना: आकडा चढलाच नाही

गोळी नीट घेतली आणि ती शोषली गेली, तर दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने आणि तीन-चार आठवड्यांत २ ग्रॅमने वाढायला हवं. म्हणजे 'लागू पडतंय का' हे कळायला तीन महिने थांबायची गरज नाही. दोन ते चार आठवड्यांनी एक साधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा आणि आकडा तिथेच असेल तर तेव्हाच शोधाला लागा.

सगळ्यात आधी स्वतःला खरं विचारा: गोळ्या घेतल्या का? मळमळ, बद्धकोष्ठ, तोंडाला येणारी धातूची चव, यांमुळे निम्मी पट्टी कपाटात राहिलेली असते आणि डॉक्टरांसमोर 'हो हो, चालू आहेत' म्हटलं जातं. पुढच्या सगळ्या तपासण्या मग चुकीच्या दिशेने जातात. मीही एकदा हे केलंय.

मग कशी घेता ते बघा. चहा-कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी आणि पित्तावरची औषधं ही लोहाची चार मोठी विघ्नं. चहा-कॉफीतले टॅनिनसारखे पदार्थ लोहाला पोटातच बांधून ठेवतात. गोळीच्या आधी-नंतर किमान तासभर, जमलं तर दोन तास, ते नकोच. कॅल्शियम वेगळ्या वेळी घ्या. पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल महिनोन्महिने चालू असेल तर जठरातलं आम्ल कमी होतं आणि लोह विरघळतच नाही. ते औषध खरंच अजून लागतंय का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लोह चार तासांच्या अंतराने घ्यावं, नाहीतर थायरॉइडचं गणितही बिघडतं.

आता गोळीकडे बघा. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुधा लोहाच्या अख्ख्या संयुगाचा असतो, नुसत्या लोहाचा नव्हे. ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये लोह असतं ६५ मिलिग्रॅम. ३०० मिलिग्रॅम फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ३५. आतड्यात हळूहळू सुटणाऱ्या किंवा आवरण चढवलेल्या गोळ्या पोटाला सोसतात खऱ्या, पण लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि या गोळ्या तो भाग ओलांडून पुढे जाऊन उघडतात. त्रास कमी, उपयोगही कमी.

माझं डोकं सगळ्यात चक्रावलं ते हेप्सिडिन समजल्यावर. यकृतात तयार होणारं हे संप्रेरक म्हणजे लोहाच्या दारावरचा पहारेकरी. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण २४ तास आतड्याचं दार अर्धवट लावून घेतं. म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक गोळी घेतली तर रात्रीची गोळी बरीचशी बंद दारावर आपटते. न शोषलेलं लोह आतड्यात पुढे जातं, तिथे पोटाला त्रास देतं आणि माणूस कंटाळून गोळ्याच सोडतो. म्हणून आता दिवसातून एकदाच, किंवा दिवसाआड एक गोळी देण्याकडे कल आहे. दिवसाआडच्या पद्धतीत प्रत्येक गोळीतलं जास्त लोह अंगी लागतं आणि पोटही कुरकुरत नाही. रक्तक्षय तीव्र असेल तर डॉक्टर रोजची गोळी देतील, तेही बरोबरच आहे; पण 'लागू पडत नाही म्हणून दिवसाला तीन घ्या' असं सांगणारं कुणी भेटलं तर थोडं थांबा.

हेच हेप्सिडिन दाहातही वाढतं. म्हणून जुनाट आजारात गोळ्या कितीही घेतल्या तरी दार बंदच, आणि मग लोह शिरेतून द्यावं लागतं.

हे सगळं नीट असूनही आकडा हलत नसेल तर शोषणाचे आजार शोधायचे. सीलिअॅक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं. अनेकांत त्याचं पहिलं आणि एकमेव लक्षण न हटणारा रक्तक्षय हेच असतं, जुलाब वगैरे काही नाही. टीटीजी-आयजीए ही रक्ताची चाचणी त्यासाठी. ती करण्याआधी गहू बंद करू नका, नाहीतर चाचणी खोटी निगेटिव्ह येते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जिवाणू, जठराच्या अस्तरावर शरीराचाच हल्ला होणारा आजार, आणि वजन घटवण्यासाठी केलेली जठराची शस्त्रक्रिया ही बाकीची कारणं. लहानपणापासून आकडा कमीच आणि कशालाच दाद नाही, असं असेल तर हेप्सिडिन कायम वाढलेलं ठेवणारा एक दुर्मीळ आनुवंशिक दोषही असतो. पण तिथे पोचायच्या आधी चहाची वेळ तपासा.

दुसरा नमुना: चढतो आणि पुन्हा उतरतो

माझा हाच. याची कारणं दोन, आणि पुष्कळदा दोन्ही एकदम असतात: गोळ्या लवकर थांबल्या, किंवा गळती चालूच राहिली.

लवकर थांबणं म्हणजे काय, ते आकड्यांत बघू. शरीराला एकूण किती लोह हवं याचं डॉक्टर वापरतात ते सूत्र सोपं आहे: वजन गुणिले हिमोग्लोबिनची तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. वजन ५५ किलो, हिमोग्लोबिन ९ आणि लक्ष्य १५ धरलं तर ५५ × ६ × २.४ म्हणजे ७९२, अधिक ५००, मिळून जवळजवळ १,३०० मिलिग्रॅम. आता ६५ मिलिग्रॅमच्या गोळीतून रोज समजा १० मिलिग्रॅम अंगी लागलं, तर महिन्याला ३००. हिशेब चार महिन्यांच्या पुढे जातो, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'एक महिना'.

त्यात शरीर आलेलं लोह आधी हिमोग्लोबिनला देतं, साठा भरतं सर्वात शेवटी. म्हणून आकडा १२ वर आलेला दिसतो तेव्हा कोठार रिकामंच असतं. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यानंतर आणखी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या, त्या या कोठारासाठी. थांबवण्याआधी फेरिटिन बघून थांबवा. माझ्या पहिल्या चारही रिपोर्टांत फेरिटिन नव्हतंच.

गळतीचं कारण समजून घ्यायचं तर एक गोष्ट लक्षात घ्या: शरीराकडे लोह बाहेर टाकण्याची सोयच नाही. जुन्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मोडतात आणि त्यांतलं रोजचं २०-२५ मिलिग्रॅम लोह जसंच्या तसं पुन्हा कामाला लागतं. बाहेरून लागतं फक्त १-२ मिलिग्रॅम, कातडी आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जातं तेवढं. मग प्रौढ माणसाचं लोह, शोषण ठीक असताना, एवढं कमी होतं कसं? बहुतेक वेळा रक्तावाटेच. दोन मिली रक्त गेलं की साधारण एक मिलिग्रॅम लोह गेलं.

पाळीत सर्वसाधारणपणे ३०-४० मिली रक्त जातं. ८० च्या पुढे गेलं की ते जास्त. पण मिली कोण मोजतं? त्याऐवजी हे बघा: दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, रात्री त्यासाठी उठावं लागतं का, दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर गुठळ्या पडतात का, सात दिवसांच्या पुढे चालतं का. मला यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' अशी होती आणि मी त्यांना कधी लक्षण मानलंच नव्हतं. महिन्याला १०० मिली जात असेल तर रोजचे सरासरी दीड मिलिग्रॅम जास्तीचे झाले. आहारातून ते भरून निघत नाही, कितीही चांगलं खा. सोनोग्राफीत माझ्या गर्भाशयाच्या अस्तराखाली एक गाठ निघाली. गाठींशिवाय थायरॉइड, कॉपर-टी, आणि रक्त गोठण्यातले जन्मजात दोष हीही कारणं असतात. किशोरवयात पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल आणि दात काढताना किंवा कापल्यावर रक्त लवकर थांबत नसेल तर व्हॉन विलेब्रँड आजाराची चाचणी आवर्जून करावी. उपाय आहेत: पाळीच्या दिवसांपुरतं ट्रॅनेक्सामिक अॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध), गर्भाशयात बसवायचं हार्मोन सोडणारं साधन (कॉपर-टी नव्हे), गाठ असेल तर ती काढणं.

पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत मात्र माझा सूर वेगळा असेल. तिथे लोह कमी होणं म्हणजे पचनमार्गातून रक्त जातंय असं आधी धरायचं आणि तसं नाही हे सिद्ध करायचं. जठरातला व्रण, वेदनाशामक गोळ्या किंवा रोजची अॅस्पिरिन, मोठ्या आतड्यातले कोंब (पॉलिप) आणि कर्करोग. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातला कर्करोग डोळ्यांना रक्त न दिसू देता महिनोन्महिने झिरपत राहतो आणि रक्तक्षय हीच त्याची पहिली खूण असू शकते. म्हणून वरून आणि खालून, दुर्बिणीच्या दोन्ही तपासण्या. 'मूळव्याध आहे ना, तेच कारण' असं म्हणून फाइल बंद होऊ देऊ नका. मूळव्याध आणि दुसरं कारण एकत्र असायला कोणाची हरकत नसते. विष्ठेतल्या छुप्या रक्ताची चाचणी एकदा निगेटिव्ह आली म्हणून सुटका होत नाही, कारण रक्त रोज जाईलच असं नाही.

अंकुशकृमी विसरू नका. एक जंत दिवसाला ०.२ मिलीपर्यंत रक्त पितो. शंभर असतील तर हिशेब तुम्हीच करा. आणि नियमित रक्तदान करत असाल तर प्रत्येक ४५० मिलीमागे २००-२५० मिलिग्रॅम लोह जातं, जे नुसत्या जेवणातून भरायला बरेच महिने लागतात.

तिसरा नमुना: अर्ध्यावर अडकला

८ चा १०.५ झाला आणि तिथेच थांबला. याचा अर्थ बहुधा जोडीला दुसरं काही आहे. बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर एक कारण पेशी लहान करतं, दुसरं मोठ्या, आणि एमसीव्ही निरागसपणे नॉर्मल दिसतो. वाढलेला आरडीडब्ल्यू तेवढा चुगली करतो. थॅलसेमियाचे वाहक असून लोहही कमी असेल तर तूट भरल्यावर आकडा त्यांच्या नेहमीच्या पातळीला जाऊन थांबतो, त्याच्या पुढे ढकलायचा प्रयत्न करू नये. मूत्रपिंडाचं काम आणि थायरॉइड एकदा बघून घ्या. नाहीतर साधी गोष्ट: जेवढं येतंय तेवढंच जातंय.

आहाराचं काय?

आहाराने घसरण लांबवता येते. रिकामं कोठार भरत नाही. मांसातलं लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा बरंच सहज शोषलं जातं. डाळी आणि पालेभाज्यांबरोबर आंबट फळ असेल तर त्यांतलं लोह जास्त मिळतं. पालकाची कीर्ती त्याच्या कर्तृत्वापेक्षा मोठी आहे: लोह असतं, पण अंगी लागतं थोडंच. गोळीबरोबर क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी घेऊन मात्र फार फरक पडत नाही, घेतली तर बिघडत नाही इतकंच. लहान मुलं दिवसाला अर्धा-पाऊण लिटरच्या वर गाईचं दूध पीत असतील तर दूध कमी करणं हाच तिथे औषधाचा अर्धा भाग.

शिरेतून लोह कधी?

गोळ्या सोसत नसतील, शोषण बिघडलेलं असेल, गळती गोळ्यांच्या वेगापेक्षा जास्त असेल, किंवा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत वेळच नसेल तेव्हा. वर काढलेला आकडा एक-दोन किंवा थोड्या जास्त बैठकांत भरता येतो. क्वचित अॅलर्जी येते, म्हणून ते सोयी असलेल्या ठिकाणीच घ्यायचं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज (शिरेतून द्यायच्या लोहाचा एक प्रकार) घेतल्यावर काहींचं फॉस्फेट खाली जातं. लोह भरूनही थकवा वाढला किंवा हाडं दुखायला लागली तर ते तपासायला सांगा. आणि नंतर निदान महिनाभर फेरिटिन करू नका, ते फुगलेलं येतं.

आणखी काही अडचणी

हिमोग्लोबिन १२.५ पण थकवा, केसगळती, रात्री पायांत वळवळ, बर्फ चघळत राहावंसं वाटणं: फेरिटिन करा. कोठार आधी रिकामं होतं, आकडा नंतर पडतो. बर्फाची ती विचित्र ओढ मला दोन वर्षं होती आणि लोह सुरू केल्यावर ती हिमोग्लोबिन चढायच्याही आधी गेली.

गोळ्यांनी शौचाला काळं-हिरवं होतं, ते ठीक. पण डांबरासारखं चिकट, चकाकणारं आणि उग्र वासाचं असेल तर ते रक्त आहे. त्याच दिवशी दवाखाना. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं यांतही गोळीची वाट बघत बसू नका.

गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लोहाच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेततं, आणि त्या दिसतात गोड गोळ्यांसारख्या.

गोळी थांबवाल त्या दिवशीच पुढची तपासणी तीन महिन्यांनंतरच्या तारखेला लिहून ठेवा, मग पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी एक. माझी गाठ काढून चौदा महिने झाले. गेल्या तपासणीत हिमोग्लोबिन १२.९, फेरिटिन ५२. पुढची तारीख कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे.